पूर्वेची भिंत

भुकटी पांढरी निघाली.

ओळंबीने ड्रिल थांबवलं आणि भुकटी बोटावर घेऊन चोळली. मऊ, किंचित पिवळसर, पिठासारखी. काम काही मोठं नव्हतं. पिल्लूच्या खाटेभोवती पडदा लावायचा होता, पडद्याला दांडा हवा होता, दांड्याला भोक. नवरा बंदरावरच्या पाळीतून मोकळा होईपर्यंत थांबली असती, तर पिल्लूने शाळेत जायला लागल्यावर पडदा पाहिला असता. म्हणून पोरगी झोपल्याचं बघून तिने स्वतःच स्टूल ओढलं होतं.

तिने टोक आणखी बोटभर आत नेलं. पुन्हा पांढरंच. मग खण्णकन आवाज झाला आणि ड्रिल हातात उसळलं. दगड.

या घरात दगड असायचं काही कारण नव्हतं. या इमारतीत दगड नाही, चुना नाही, विटेचा तुकडा नाही, निव्वळ काँक्रीट आणि सळई, असं आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला गेली पन्नास वर्षं ऐकवत आले होते. बंदरावरची पहिली काँक्रीटची इमारत! इथली पोरं 'आई-बाबा' म्हणायला लागायची आणि पाठोपाठ हे वाक्य शिकायची. काँक्रीटमध्ये भोक पाडलं की भुकटी करडी पडते. ओळंबीने अर्धं आयुष्य त्या करड्या भुकटीत काढलं होतं. तिचे केस, चपला, लग्नाचे फोटोसुद्धा त्या रंगाचे होते. ही भुकटी चुन्याची होती.

तिला घरात ओळंबी म्हणत ते लहानपणापासून, भिंत सरळ उभी आहे का ते बघायच्या ओळंब्यावरून. पाच वर्षांची असताना पाहुण्यांच्या घरी चहा येण्याआधीच ती सांगून मोकळी व्हायची, "तुमची तसबीर वाकडी आहे." पुढे ती इंजिनियर झाली, तेव्हा मोठे काका म्हणाले होते, आता या मुलीला वाकडं शोधायचे पैसे मिळणार. 

पिल्लू झोपेत चोखल्यासारखे ओठ हलवत होती. तिच्या कपाळावर पांढरा एक कण पडला होता. ओळंबीने तो फुंकरीने उडवला, पोरीला अलगद उचलून खांद्यावर घेतलं आणि ती जिना उतरली.

तळमजल्यावर फर्मचं गोदाम होतं. पश्चिमेच्या बाजूला कॉलम रांगेत उभे होते, प्रत्येक बीमखाली एक, जाडजूड, ओळखीचे. दर वर्षी खारं वारं त्यांची सळई गंजवायचं आणि दर वर्षी ही मंडळी त्यांना ठिगळं लावायची. लपाछपीत सगळी पोरं याच कॉलममागे लपत. पूर्वेच्या बाजूला कधीच कुणी लपत नसे. का, ते तिला आत्ता कळलं. तिकडे लपायला कॉलमच नव्हते. बीम सरळ भिंतीत जात होते आणि तिथेच संपत होते.

पहिला मजला, दुसरा, तिसरा. सगळीकडे तेच. पूर्वेला इमारतीची स्वतःची भिंतच नव्हती. होती ती शेजारच्या दोरखान्याची. जहाजांचे दोर वळायला कुण्या काळी बांधलेली ती लांबलचक दगडी इमारत, दोन हात जाडीच्या भिंतींची, या इमारतीच्या गच्चीच्याही वर डोकं काढून उभी. सगळे समजत होते की भिंती दोन आहेत, एक त्यांची आणि एक आपली, एकमेकींना चिकटून. एकच होती. तिला आतून गिलावा केला की घर, आणि बाहेरून नुसती ठेवली की दोरखाना.

आणि दोरखाना उद्या सकाळी पाडायचा होता. पाडणार होती त्यांचीच फर्म. त्या कामाच्या करारावर ओळंबीची सही आज जेवणानंतर व्हायची होती.

ती मधल्या पायरीवर थांबली. पिल्लूचा श्वास तिच्या मानेवर गरम लागत होता. मग तिने पदर नीट खोचला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या काकांच्या दाराची कडी वाजवली.

*

काकांचं दार म्हणजे मिठाच्या जुन्या कचेरीचं दार. या घराण्याची एक रीतच होती. जी इमारत पाडायची, तिचं एक दार घरी आणायचं. नावाड्यांच्या वसतिगृहाचं दार आत्याकडे होतं, टपाल कचेरीचं आजोबांच्या खोलीला, आणि जकातघराचं दार तर इतकं मोठं निघालं की ते कुठल्याच चौकटीत मावेना, तेव्हा काकांनी त्याला पाय लावून जेवणाचं टेबल केलं. काँक्रीटच्या चौकटी सरळसोट, दारं मात्र आपापल्या काळाची. कुणी तासून लहान केलेलं, कुणी पट्टी जोडून मोठं. पोरं शहराचा इतिहास दारांवरून सांगत. बाहेर, बंदराच्या रस्त्यावर, त्या दारांच्या जागी आता बँक होती, फ्लॅट होते, गाड्या ठेवायची पाच मजली इमारत होती. बहुतेक या घराण्यानेच बांधलेलं. चांगलं, मजबूत, वेळेत बांधलेलं. त्याचा अभिमान ओळंबीलाही होता.

टेबलाभोवती सगळे जमले होते. काकू वाढत होत्या. काकांचा मुलगा, ज्याला सगळं घर राजे म्हणे कारण त्याने आजवर स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेतला नव्हता, फोनमध्ये बघून हसत होता. आत्या चष्मा डोक्यावर चढवून कराराचे कागद लांब धरून वाचत होती. आत्याचा शिडांचा आणि ताडपत्र्यांचा कारखाना होता, आणि तिच्या बोटांना सुईचे घट्टे होते. आजोबा खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत बसून बिस्किट चहात बुडवत होते, जेवणाच्या आधी. त्यांना कुणी अडवत नसे.

"आली बघा भागीदारीणबाई," काका म्हणाले. "ये. हात धू. ही काय पांढरी झालीस? कणिक मळत होतीस?"

फर्मचे तीन हिस्से होते. एक काकांचा, एक आत्याचा आणि तिसरा ओळंबीच्या वडिलांचा, जो ते गेल्यावर तिच्याकडे आला होता. दोन सह्या झाल्या की काम पक्कं. आजवर दोनावर अडायची वेळच आली नव्हती. काका सांगत आणि तिघेही सही करत.

"काका," ती म्हणाली, "उद्या मशीन आणू नका."

"का गं? मुहूर्त चुकला?"

"दोरखाना पाडला तर आपणही पडू."

राजे हसला. "बाळंतपणानंतर हळवी झालीय ही. परवा जाहिरात बघून रडत होती."

"झालेय हळवी," ओळंबी म्हणाली. "म्हणून तर ड्रिल मला धरावं लागतं. तुझ्या हातात दिलं तर तू सेल्फी काढशील."

काकू पदरात हसल्या. ओळंबीने पिल्लूला आत्याच्या मांडीवर दिलं आणि सांगितलं. पडदा, दांडा, भुकटी, दगड. मग तळमजला ते गच्ची. ती भराभर बोलत होती, पण आवाज चढला नव्हता. साइटवर चूक दाखवताना ती अशीच बोले, आणि म्हणूनच मिस्त्री तिचं ऐकत.

काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. तो त्यांचा गुण होता. मग त्यांनी बोट वर केलं. "भिंती दोन आहेत. त्यांची आणि आपली."

"आपली दाखवा."

"म्हणजे?"

"तुमच्या या पूर्वेच्या भिंतीला भोक पाडा. तुम्हाला हवं तिथे. करडी भुकटी निघाली तर मी आत्ताच्या आत्ता सही करते, आणि पुढचा महिनाभर राजेला साहेब म्हणते."

"दोन महिने," राजे म्हणाला.

काका उठले. अशा पैजेला ते नाही म्हणू शकत नसत, तो त्यांचा दुसरा गुण. पूर्वेच्या भिंतीला काकूंचं काचेचं कपाट होतं.

"अहो, कपाटामागे नको! रंग देऊन वर्ष झालं नाही!"

"बाजूला करतो ना."

"तुम्ही बाजूला केलेलं कपाट परत जागेवर आलेलं मी या जन्मी पाहिलेलं नाही!"

कपाट सरकलं. आतल्या बश्या खुळखुळल्या. काकांनी ड्रिल भिंतीला टेकवलं, बटण दाबलं, आणि काकूंच्या फरशीवर, काकांच्या इस्त्रीच्या बाहीवर, राजेच्या नव्या बुटांवर पांढरी भुकटी सांडू लागली. काकांनी दुसरं भोक पाडलं. मग तिसरं, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिसऱ्याला दगड लागला, आणि त्या आवाजाने पिल्लू जागी होऊन ओरडली.

"बस्स झालं," काकू म्हणाल्या. "भिंत आहे की चाळण?"

काका भुकटीकडे पाहत उभे राहिले. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते ओळंबीला दिसत होतं. उद्या सकाळी मशीन येणार होतं. ते दोरखान्याचं छप्पर उतरवणार, मग वरून एकेक थर. दुपारपर्यंत ते तिसऱ्या मजल्याच्या बीमपाशी पोचलं असतं, त्या वेळी वर तिसऱ्या मजल्यावर ओळंबी पोरीला भरवत असती. काकांनी ड्रिल खाली ठेवलं.

मग एकेक करत सगळ्यांचे डोळे खिडकीकडे वळले.

आजोबांनी बिस्किट तोंडात टाकलं. ऐकू न येणं हे त्यांचं सोयीचं दुखणं होतं. कधी सुरू करायचं नि कधी बंद, ते त्यांच्या हातात होतं.

"बाबा," काका जरा मोठ्याने म्हणाले.

"ओरडतोस कशाला? बहिरा आहे का मी?"

"ही भिंत कुणाची?"

"दोरखान्याची."

"आणि आपली कुठाय?"

"नाही."

इतक्या सहज म्हणाले की राजेच्या हातून फोन टेबलावर पडला.

"तुम्ही तर जन्मभर सांगत आलात," आत्या म्हणाली, "की या इमारतीत दगड नाही, चुना नाही..."

"मग? इमारतीत नाहीच आहे. भिंत आमची नाहीच. शेजाऱ्याची आहे."

ओळंबीला हसू आलं. ती त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. "का पण, आजोबा? कॉलम का नाही घेतले?"

आजोबांनी बाहेर पाहिलं. खिडकीतून क्रेन दिसत होत्या आणि त्यांच्यामागे राखाडी पाणी.

"पाया खणायला घेतला," ते म्हणाले, "तर खाली दोरखान्याचा पाया आमच्या जागेत पसरलेला. हा एवढा! जुनी माणसं पाया असाच रुंद घालायची. कॉलम उभा करायचा तर तो पाया तोडावा लागणार. मी म्हटलं, तोडू. दगडच तर आहे. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं तोडता येत होतं."

"मग?"

"मग माझा बाप आला."

आजोबांचे वडील पाथरवट होते. बंदरावरचा अर्धा दगड त्यांच्या छिन्नीखालून गेलेला. मुलगा काँक्रीट ओतायला लागला, त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. या इमारतीत त्यांनी मरेपर्यंत पाऊल ठेवलं नाही. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं कुणालाच नव्हतं.

"माझ्याशी नाही बोलले. मी समोर उभा, आणि माझ्या गड्याला म्हणाले, त्याला सांग, पाया तोडलास तर दोन्ही घरं जातील. त्याला सांग, भिंतीवर टेक. मी गड्याला म्हटलं, त्यांना सांग, जुन्या भिंतीला माझं वजन झेपायचं नाही. ते म्हणाले, त्याला सांग, ही भिंत मी ओळखतो, त्याला ओळखतो त्यापेक्षा जास्त." आजोबा खोकल्यासारखं हसले. "गडी बिचारा मान फिरवून फिरवून दमला."

"आणि?"

"आणि त्यांनी शिडी लावली. बीमसाठी खाचा पाडायच्या होत्या भिंतीत. मी म्हटलं, माझी माणसं पाडतील. तर गड्याला म्हणाले, त्याच्या माणसांनी पहार घातली तर भिंत दुखावेल. सगळ्या खाचा स्वतः पाडल्या. एकट्याने. मजला चढला की पुन्हा यायचे, शिडी दोरखान्याच्या बाजूने लावायची, म्हणजे माझ्या स्लॅबवर पाय पडायला नको. शेवटची खाच झाली, छिन्नी धोतराला पुसली आणि गेले. हात फिरवून बघितली मी ती खाच. आतून आरशासारखी."

आत्याने चष्मा काढला आणि पुसला. पिल्लू तिच्या मांडीवर गप्प होऊन म्हाताऱ्या आवाजाकडे टुकुटुकु बघत होती.

"आम्हाला कधी सांगितलं नाहीत," काका म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

"काय सांगायचं? बापाने मदत केली? ते आमच्या दोघांतलं होतं."

"आणि दोरखान्याचं काम बंदर ऑफिसने कितीदा देऊ केलं! दर वेळी तुम्ही म्हणायचात, आधी मिठाची कचेरी घेऊ, आधी टपाल कचेरी घेऊ..."

"दुसरी कामं होतीच ना." आजोबांनी रिकामा कप पुढे केला. "आणि या वेळी मला सांगितलंत कुठे? तुझा राजे म्हणाला, बंदरातलं एक जुनं गोदाम आहे. एक जुनं गोदाम! म्हटलं, असेल कुठलं तरी."

राजे काकूंकडे बघू लागला. काकू छताकडे.

*

जेवण झालं, पण कुणाला चव कळली नाही. हात धुऊन काका टेबलाशी परत बसले, तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा कंत्राटदाराचा झाला होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "उद्या मशीन नाही. ऑफिसकडून चार महिने मागून घेतो. पूर्वेला आतून कॉलम घ्यायचे, बीम त्यांच्यावर घ्यायचे. मग पाडायचं. होईल की नाही, ओळंबी?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. नाही होणार, असं ती म्हणाली असती, तर त्या दुपारी सगळ्यांनी मानलंही असतं.

"होईल," ती म्हणाली. "पाया वाचवून कॉलम दोन हात आत घ्यावे लागतील. एक तुमच्या या टेबलाच्या मधोमध येईल. एक माझ्याकडे पिल्लूच्या खाटेत. पण होईल. आपल्याला येतं ते काम."

"मग झालं तर."

"झालं नाही. मला दोरखाना पाडायचाच नाहीये."

काकांनी डोळे मिटले. "आता सुरू होणार. जुनं ते सोनं, आपला वारसा, पोरांना काय दाखवायचं..."

"असं मी म्हटलं? मी तर म्हणते, छप्पर कुजलंय, काढून टाका. लाकडी मजले पोकळ झालेत, काढा. पण भिंती ठेवा. आत आपले स्लॅब घालू. बंदर ऑफिसला काय हवंय? वर कचेऱ्या, खाली मोठी जागा. तेवढीच देऊ, आणि लवकर देऊ, कारण चार भिंती उभ्याच आहेत."

"जुन्या भिंती."

"आपले मजले पन्नास वर्षं अंगावर घेऊन उभी आहे ही पूर्वेची भिंत. एक तडा दाखवा मला. आणि पश्चिमेचे आपले कॉलम? मी दर वर्षी त्यांना पट्ट्या बांधते, आजारी माणसासारख्या. काका, मी काँक्रीटला नावं ठेवत नाही. मी त्याच्यातच रांगलेय. पण एवढं सगळं पाडून आपण काय आणलं घरी? दारं! दार आणायचं आणि घर टाकून यायचं."

"दोरखान्याच्या दारावर मी खूण करून आलोय," काका नकळत म्हणाले. "आपल्या ऑफिससाठी."

"माहितीय. निळ्या खडूने. बघितली मी."

राजे फिस्सकन हसला आणि बापाच्या नजरेने गप्प झाला.

"भावनेवर फर्म चालत नाही," काका म्हणाले. "मी ऑफिसात शब्द दिलाय. नवी इमारत म्हणून दिलाय. ताई, तू सांग हिला. तुला तळमजल्यावर कारखान्यासाठी हॉल मिळणार आहे, तो या हट्टापायी जाईल."

आत्या पिल्लूची मूठ उघडत होती आणि मिटत होती. सगळ्या घराला ठाऊक होतं की आत्या त्या हॉलसाठी काकांच्या बाजूला आहे. इतकी वर्षं ती भाड्याच्या दोन खोल्यांत घड्या घालून शिडं शिवत आली होती. ओळंबीने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण हरणार. आत्यापुढे वारशाच्या गोष्टी करण्यात अर्थ नव्हता. ती घरात सगळ्यांत कमी बोलायची आणि सगळ्यांत पक्का हिशेब करायची.

"राजे," आत्या म्हणाली, "तो नकाशा काढ फोनवर. नव्या इमारतीचा. माझा हॉल दाखव."

राजेने दाखवला. आत्याने चष्मा नाकावर घेतला.

"हे काळे चौकोन काय आहेत?"

"कॉलम."

"हॉलच्या मधे?"

"वरचे मजले उभे राहायला नकोत का, आत्या!"

"मी शीड कसं अंथरायचं? की खांबांना लुगडं म्हणून नेसवू?" ती ओळंबीकडे वळली. "दोरखान्यात मधे खांब आहेत?"

ओळंबी सावध झाली. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि आता आलं तसं तिला दोरखान्याचा तळमजला आख्खा समोर दिसला, या दारापासून त्या दारापर्यंत मोकळा. "एकही नाही. दोर वळायला सरळ, लांब जागा लागायची, म्हणून त्यांनी मधे काही ठेवलंच नाही. सगळं वजन लांबीच्या दोन भिंतींवर आहे. आम्ही पण तसंच ठेवू. बीम या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

"मोठ्यातलं मोठं शीड मावेल?"

"सलग. एक घडी न घालता. आणि बाजूने चालायला जागा उरेल."

आत्याने कागद टेबलावर ठेवले आणि पेनाचं टोपण लावलं. टोपणाचा टक् आवाज झाला. "मी हिच्याबरोबर."

"ताई! अगं सकाळपर्यंत तू..."

"सकाळी मला तो नकाशा नीट दाखवला नव्हतास."

*

म्हणजे दोन झाले. काम ओळंबीचं झालं होतं. पण तिला आनंद होईना. काका उठून पूर्वेच्या भिंतीपाशी गेले होते आणि सरकवलेल्या कपाटाच्या जागी सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. त्यांच्या पाठीवरून कळत होतं, माणूस एकटा पडलाय.

वडील गेले तेव्हा ती कॉलेजात होती. त्या वर्षी काकांनीच तिला पहिल्यांदा साइटवर नेलं होतं. सळई कशी मोजायची, मिस्त्रीला न दुखावता काम परत कसं करून घ्यायचं, पाऊस येणार की नाही हे सिमेंटच्या गोणीला हात लावून कसं ओळखायचं, ते सगळं त्यांच्याकडून तिला मिळालं होतं. बहुमताने जिंकून तिला काकांना गमवायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, असलं काम काकांशिवाय होणारही नव्हतं. तिला चित्र दिसत होतं. ते उभं करणारी माणसं काकांची होती.

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" भिंतीकडेच बघत ते म्हणाले.

"नाही. तिसरी सही नाहीये."

"दोन पुरतात."

"मला तीन हव्यात."

"उद्या बंदर ऑफिसात काय तोंड दाखवू? पाडणारे म्हणून ओळखतात मला. सगळ्या किनाऱ्यावर माझ्याइतकं सफाईने कुणी पाडत नाही. शेजारच्या घराची काच तडकत नाही माझ्या हातून. आणि उद्या मी माझ्याच घरावर... तुझ्यावर, पोरीवर... घरातल्या भिंतीला हात लावून बघायचं सुचलं नाही मला."

"कुणालाच नाही सुचलं. आजोबांनी सांगितलं होतं ना, दगड नाही म्हणून. त्यांच्या शब्दावर कोण भोक पाडणार?"

काका हसले नाहीत, पण त्यांच्या खांद्यांतला ताठरपणा थोडा उतरला.

"आतून छप्पर काढायचंय," ओळंबी म्हणाली. "मजले काढायचेत. भिंतीला धक्का न लावता, हाताने, एकेक तुळई. सगळ्या किनाऱ्यावर तसं पाडणारा एकच माणूस आहे. बाकीचे मशीन आणतील आणि भिंतीसकट नेतील."

मागून आजोबा म्हणाले, "त्याला सांग, पहार घालायची नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आजोबांचं तोंड राजेकडे होतं. राजे बावळटासारखा आधी आजोबांकडे, मग बापाकडे बघू लागला.

"त्यांना सांग," काका राजेला म्हणाले, "मी माझ्या आयुष्यात भिंतीला पहार घातलेली नाही."

आत्या तोंडावर हात ठेवून हसली, मग काकू, आणि काय झालं ते न कळताच पिल्लूही खिदळली. ओळंबी हसली नाही. तिचं लक्ष काकांच्या हाताकडे होतं. त्यांनी पंजा भिंतीवर ठेवला होता आणि ते तो हळूहळू वर नेत होते, बीम भिंतीत शिरतो तिथपर्यंत.

राजेचा फोन वाजला. "बाबा, मशीनवाला. विचारतोय, उद्या किती वाजता लावू?"

"सांग, नको." काकांनी हात काढला नाही. "आणि आपल्या जुन्या सुतारांना फोन लाव. दोघांनाही. म्हणावं उद्या या, तुळया उतरवायच्या आहेत."

मग ते टेबलाशी आले. त्यांनी करार उलटा केला, कोऱ्या बाजूला दोन समांतर रेघा ओढल्या, भिंतीची जाडी दाखवायला, आणि पेन्सिल टेकवून थांबले. वर न बघता त्यांनी विचारलं. पुतणीला विचारतात तसं नाही, साइटवर इंजिनियरला विचारतात तसं.

"खाचा किती खोल घ्यायच्या?"

"तिसरा हिस्सा."

"निम्म्यापर्यंत का नाही? बीम चांगला बसेल."

"नाही काका," ती म्हणाली. "पलीकडून आपल्या घराच्या खाचा आहेत ना."